कास्तकाराच्या घरीं व सोसायटीच्या कचेरींत कोणता संगणक असावा?

बैलजोडी घेतांना आपला कास्तकार किती चौकस असतो, हें निराळें सांगावयास नको. तो दांत मोजतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावर हात फिरवितो, चार पावलें चालवून पाहतो, आणि विकणाराच्या गोड बोलण्यापेक्षां जनावराच्या चालीवर अधिक भिस्त ठेवितो. कापसाच्या काळ्या रानांत डवरणीस लागणारें जनावर वेगळें आणि धानाच्या बांधींत चिखल करावयास लागणारें वेगळें, हेंहि त्यास ठाऊक असतें. परंतु हाच गृहस्थ संगणक घेण्यास दुकानांत शिरला म्हणजे त्याचा सारा चौकसपणा उंबरठ्याबाहेर राहतो. झळकता पडदा पाहून, दुकानदारानें सांगितलेले चार इंग्रजी आंकडे ऐकून, आणि हप्त्यांची सोय आहे एवढें कळतांच तो पेटी उचलून घरीं येतो. पुढें सहा महिन्यांनीं कळतें कीं, ज्या कामासाठीं पैसे घातले तें काम त्या पेटीवर होतच नाहीं, किंवा होत होतें तें बंद पडलें व दुरुस्त करणारा जवळपास कोणी नाहीं.

या लेखांत आम्ही कोणत्याहि दुकानाची वा कंपनीची भलावण करीत नाहीं. आमच्या कचेरींत व सभासदांच्या घरीं निरनिराळ्या जातींचे संगणक वापरून जें आढळलें तें, आणि या यंत्रांविषयीं जें निश्चित ठाऊक आहे तें, एवढेंच येथें मांडावयाचें आहे. आम्ही यंत्रशास्त्री नाहीं, रोज वापरणारे आहों. आणि नांगराचा गुण लोहारापेक्षां नांगरणाऱ्यास अधिक कळतो, या न्यायानें आमच्या लिहिण्यास कांहीं किंमत असेल तर असो.

आमची फजिती

आरंभीं आमचाच अनुभव सांगतों, कारण हा लेख लिहिण्याचें खरें कारण तोच आहे. आमच्या कचेरींत पूर्वीं एक टेबलावरचा संगणक होता. सभासदांची यादी, पीककर्जाच्या बाक्या, खतांचा सांठा आणि सभांचीं इतिवृत्तें हें सर्व त्या एकाच यंत्रांत होतें. मे महिन्यांत, खरिपाच्या कर्जवाटपाच्या ऐन तोंडावर, एके दिवशीं दुपारीं वीज दोनतीनदां गेली व आली, आणि त्यानंतर तें यंत्र सुरूच झालें नाहीं. आंतील हार्ड डिस्क निकामी झाली होती. शोधाशोध करितां पेन ड्राइव्हवर काढून ठेविलेली एक प्रत सांपडली, ती दीड वर्षाची जुनी. आणि तींतील मराठी मजकूर एका जुन्या फॉन्टांत टंकलेला असल्यामुळें दुसऱ्या जातीच्या संगणकावर तो उघडतांच इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची नुसती खिचडी दिसूं लागली.

गटसचिवांनीं जुन्या संवयीनें कागदी खतावणी चालू ठेविली होती, म्हणूनच आमची लाज राहिली. त्या खतावणीवरून साऱ्या बाक्या पुन्हां उतरवून घेण्यास अठरा दिवस लागले. मृग लागला तरी कांहीं सभासदांच्या हातांत कर्जाची रक्कम पडली नव्हती. एकानें तर बियाण्यासाठीं बाहेरून जबर व्याजानें पैसे उचलले. दोष यंत्राचा थोडा व आमचा अधिक होता. यंत्र कोणत्या कामासाठीं घेतों, तें आमच्या हवेंत किती टिकेल, आणि त्यांतील नोंदी दुसऱ्या यंत्रांत नेतां येतील कीं नाहीं, हे तीन प्रश्न आम्हीं घेतांना विचारलेच नव्हते. पुढें जें लिहिलें आहे तें या तीन प्रश्नांचें उत्तर होय.

आधीं काम, मग यंत्र

कास्तकाराच्या घरीं संगणकाचीं जीं कामें पडतात तीं साधारणपणें अशीं: सातबारा व आठ-अ यांचे उतारे काढणें, महाडीबीटीवर अवजारांच्या वा ठिबकाच्या अनुदानाचा अर्ज भरणें, पीकविम्याचा अर्ज करणें, पीएम-किसानच्या हप्त्याची चौकशी करणें, बाजारभाव व हवामान पाहणें, आणि मुलांचा अभ्यास. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सन २०१८ पासून घरबसल्या मिळूं लागला. त्यास १५ रुपये शुल्क आहे, आणि तो कोणत्याहि जातीच्या संगणकावर, किंबहुना मोबाईलवरहि निघतो. उलट १५ ऑगस्ट २०२१ पासून सबंध राज्यांत सुरू झालेली ई-पीक पाहणी ही शेतांत उभें राहून, पिकाचा फोटो काढून, मोबाईलवरच करावयाची असते. तेथें लाखाचा संगणकहि उपयोगाचा नाहीं.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, ज्या घरांत बरा मोबाईल आहे आणि शिकणारें मूल नाहीं, त्या घरीं संगणकावांचून अडत नाहीं. तो पैसा विहिरीच्या मोटारीस लावावा, किंवा रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं कुंपणास लावावा. शेजाऱ्याच्या घरीं आला म्हणून आपल्या घरीं आणावयाची ही वस्तु नव्हे.

सोसायटीचें काम मात्र निराळें आहे. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्था संगणकावर आणण्याची योजना मंजूर केली व तीसाठीं २,५१६ कोटी रुपये ठरविले. तींत संस्थांचे हिशेब एका सामाईक प्रणालींत भरावयाचे असतात. गटसचिवास संगणक आतां टाळतां येण्याजोगा राहिला नाहीं. तेव्हां तो कोणत्या जातीचा असावा, हा प्रश्न दोनशें-चारशें सभासदांच्या कर्जाशीं बांधलेला आहे.

चार जाती

बाजारांत नांवें पुष्कळ दिसतात, परंतु आंत चालणाऱ्या प्रणालीप्रमाणें पाहिलें तर मुख्य जाती चारच आहेत.

(१) विंडोज. सन १९८१ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला. त्याचे सुटे भाग बहुतेक इतरांकडून घेतलेले होते व रचना बरीचशी उघडी होती. त्यामुळें थोड्याच वर्षांत इतर कारखानदार त्याच ठेवणीचीं यंत्रें करूं लागले. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली या वंशाच्या यंत्रांवर चालते. याचा फायदा असा कीं, एका कंपनीच्या पेटीस दुसरीचा पडदा लागतो, तिसरीची रॅम बसते व चौथीची डिस्क चालते. एका सुतारानें केलेल्या बंडीस दुसऱ्या सुताराचें चाक बसावें, तसा हा प्रकार आहे. त्यामुळें दुरुस्ती करणारा बल्लारपूर, राजुरा, मूल अशा गांवींहि मिळतो.

शिवाय एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम केलेल्या आपल्या खेड्यांतील मुलामुलींचा हात याच प्रणालीवर बसलेला असतो. हिशेबाची टॅली विंडोजसाठींच केलेली आहे, आणि आधारचा ठसा घेणारीं यंत्रें मुख्यत्वें विंडोज व अँड्रॉइड यांस धरून बनविलेलीं असतात. कचेरीच्या कामांत या सोयीचें मोल मोठें आहे.

दोष दोन. व्हायरसाचा उपद्रव या जातीस अधिक होतो, आणि पैसे वांचविण्यासाठीं दुकानदार जी चोरटी प्रत घालून देतो तिच्याबरोबर ही कीड आयतीच घरांत येते. दुसरा दोष असा कीं, कंपनी ठरावीक मुदतीनंतर जुन्या आवृत्तीची देखभाल थांबविते. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. घरगुती वापरणारांस ठरावीक अटींवर जी मुदतवाढ दिली तीहि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय व साधारणपणें सन २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळें पुष्कळ धडधाकट यंत्रें नुसत्या कागदोपत्रीं म्हातारीं ठरलीं. जुना संगणक स्वस्तांत विकत घेणारांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

(२) मॅक. ॲपल कंपनीनें जानेवारी १९८४ मध्यें आपला मॅकिंटॉश आणला. येथें पेटी व प्रणाली हीं दोन्ही एकाच घरचीं असतात, म्हणून त्यांचें एकमेकांशीं चांगलें जुळतें. सन २०२० पासून कंपनी यांत स्वतःचे प्रोसेसर घालूं लागली. तेव्हांपासून हीं यंत्रें वीज फार थोडी खातात आणि बॅटरी सबंध दिवस पुरते. पडदा सुरेख असतो. चित्रें, मुखपृष्ठें व छपाईचें काम करणारे लोक यांची तारीफ करितात, ती अनाठायीं नाहीं.

पण कास्तकाराच्या दृष्टीनें अडचणी आहेत. किंमत अधिक असते. हल्लींच्या मॅक लॅपटॉपांत रॅम व डिस्क मुळाशींच डकविलेल्या असतात. आज कमी घेतली तर पुढें वाढवितां येत नाहीं. बिघाड झाला तर अधिकृत दुरुस्तीसाठीं बल्लारपूरकरास बहुधा दीडशें किलोमीटरांहून दूर नागपूर गांठावें लागतें. आणि टॅली किंवा ठशाचें यंत्र यांचें काम असेल तर तें येथें सरळपणें होत नाहीं. जातिवंत घोडा टांग्यास जुंपतां येतो, वखरास नव्हे; यांत घोड्यास कमीपणा नाहीं.

(३) लिनक्स. सन १९९१ मध्यें फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें एका प्रणालीचा गाभा तयार करून सर्वांस खुला केला. जगभरच्या लोकांनीं त्यांत भर घातली, व आज उबुंटू, मिंट अशा अनेक नांवांनीं ती प्रणाली विनामूल्य मिळते. आपल्या देशांत सी-डॅक या सरकारी संस्थेनें 'बॉस' नांवाची तिची भारतीय आवृत्ति केली आहे. केरळांतील सरकारी शाळा अशाच खुल्या प्रणालीवर मुलांस शिकवितात. गांवानें श्रमदानानें बांधलेल्या तळ्याचें पाणी जसें सर्वांचें, तशी ही प्रणाली सर्वांची आहे.

विंडोज ११ नें नाकारलेल्या आमच्या एका जुन्या यंत्रावर आम्हीं लिनक्स घातली. फिरत्या तबकडीची डिस्क काढून एसएसडी बसविली, आणि तें यंत्र पुन्हां कामास लागलें. पत्रव्यवहार, उतारे काढणें, या मासिकाचा मजकूर जुळविणें हीं कामें त्यावर बिनतक्रार होतात. लिब्रे ऑफिस नांवाची लिहिण्याची व तक्ते करण्याची सामग्री फुकट मिळते. परंतु टॅली तेथें चालत नाहीं, कांहीं प्रिंटर व ठशाचीं यंत्रें हट्ट करितात, आणि आरंभीं घालून देण्यास जाणता माणूस लागतो. असा माणूस गांवांत असेल तरच या वाटेस जावें.

(४) क्रोमबुक. गूगलच्या प्रणालीवर चालणारे हे लॅपटॉप सन २०११ पासून निघाले. यांत बहुतेक सारें काम इंटरनेटवरून चालतें व लिहिलेलें सर्व दूरच्या सांठ्यांत राहतें. आमच्यापाशीं त्या वेळीं असें यंत्र असतें तर आमच्या नोंदी बुडाल्या नसत्या, हें आम्हांस मोकळेपणें कबूल केलें पाहिजे. किंमतहि बेताची असते. परंतु एटापल्ली, भामरागडकडील ज्या गांवीं रेंज येते नि जाते, तेथें याचें अर्धें अंग लुळें पडतें. शिवाय प्रत्येक नमुन्याची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत, हें आधींच ठरलेलें असतें. दुकानांतील कमी किमतीचा तुकडा हा त्या तारखेच्या जवळ आलेला नाहीं ना, हें पाहून घ्यावें.

टेबलावरचा कीं हातांतला?

जात ठरली म्हणजे दुसरा प्रश्न येतो तो डेस्कटॉप घ्यावा कीं लॅपटॉप. टेबलावरचा संगणक त्याच किमतींत अधिक काम देतो, त्याचा भाग न् भाग बदलतां येतो, पडदा मोठा असल्यामुळें खतावणीचे उभे-आडवे रकाने एका दृष्टींत येतात, आणि दिवसभर बसणाराची मान दुखत नाहीं. कळफलक बिघडला तर थोडक्या पैशांत नवा येतो. लॅपटॉपाचा कळफलक बिघडला म्हणजे तें एक प्रकरणच होऊन बसतें.

लॅपटॉपाचे गुण दोन: तो हिंडतो आणि तो वीज वांचवितो. हिशेब करून पाहूं. टेबलावरचा संगणक पडद्यासह १०० वॅट घेतो असें धरलें, आणि कचेरी रोज ६ तास व महिन्यास २५ दिवस चालली, तर १५ युनिट होतात. लॅपटॉप ३० वॅट धरला तर तेवढ्याच कामास साडेचार युनिट पुरतात. याहून मोठी गोष्ट अशी कीं, वीज गेली तरी लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो. टेबलावरच्यास त्यासाठीं यूपीएस घ्यावाच लागतो. साधा ६०० व्हीए चा यूपीएस दहापंधरा मिनिटें तग धरतो. तेवढ्यांत काम जतन करून यंत्र रीतसर बंद करावें, हाच त्याचा उपयोग. यूपीएस न घेतां डेस्कटॉप घेणें म्हणजे कासरा न घेतां बैल घेणें होय. आमची फजिती झाली ती येथेंच.

आमचें हवापाणी

यंत्रें करणारे लोक थंड मुलुखांतले. त्यांच्या हिशेबांत बल्लारपूरचा मे महिना नसतो. ॲपलनें आपल्या लॅपटॉपांस १० ते ३५ अंश सेल्सिअसची हवा मानवते असें लिहून ठेविलें आहे, आणि इतर अनेक कंपन्यांची वरची मर्यादाहि ३५ च्याच आसपास असते. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५-४६ च्या वर जातो. अशा वेळीं यंत्र जळूं नये म्हणून तें आपण होऊन आपली गति कमी करितें. मालकास वाटतें कीं तें बिघडलें. मॅकबुक एअरसारख्या ज्या यंत्रांत पंखा नसतो, त्यांत धूळ शिरत नाहीं हा लाभ आहे, पण उन्हाळ्यांत तीं लवकर मंदावतात. ज्यांत पंखा असतो तीं गार राहतात, पण हवेबरोबर धूळ आंत ओढून घेतात. आणि आमच्या गांवची धूळ नुसती मातीची नाहीं, तींत कोळशाची भुकटीहि मिसळलेली असते.

म्हणून यंत्र कोणतेंहि असो, पुढील गोष्टी कराव्या. पत्र्याखालीं, खिडकीच्या उन्हांत किंवा गादीवर तें ठेवूं नये. होळीच्या सुमारास एकदां व दिवाळींत एकदां, वीज काढून, मऊ कुंचल्यानें पंख्याची व जाळीची धूळ काढावी. उन्हाळ्यांत अवघड काम सकाळीं उरकावें. लॅपटॉपाची बॅटरी फुगून पेटी वर आलेली दिसली तर तो वापरणें तत्काळ बंद करावें. पावसाळ्याच्या तोंडीं विजा कडाडूं लागल्या म्हणजे नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. प्लग व इंटरनेटची तार दोन्ही उपटून ठेवावीं. कचेरीचें अर्थिंग उन्हाळ्यांत कोरडें पडतें. त्या खड्ड्यांत पाणी घालण्याची आठवण ठेवावी. या गोष्टींस पैसा पडत नाहीं, पण महागांतल्या महाग यंत्राचें आयुष्य यांवरच ठरतें.

मराठी अक्षराची परीक्षा

आतां त्या खिचडीविषयीं, जिनें आमचे अठरा दिवस खाल्ले. पूर्वीं संगणकावर मराठी उमटविण्यासाठीं निरनिराळ्या कंपन्यांनीं आपापले फॉन्ट केले. त्यांत युक्ति अशी होती कीं, यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षरच सांठविलें जाई, फक्त डोळ्यांस त्याच्या जागीं मराठी वळण दिसे. तो फॉन्ट ज्या यंत्रांत नाहीं तेथें मुखवटा गळून पडे व आंतलें इंग्रजी बाहेर येई. युनिकोड या जागतिक पद्धतींत प्रत्येक अक्षरास स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. देवनागरीस ते क्रमांक सन १९९१ मध्यें मिळाले. युनिकोडांत लिहिलेला मजकूर विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर व मोबाईलवर सारखाच वाचतां येतो. सन १९९१ च्या भारतीय मानकांतील इन्स्क्रिप्ट कळफलकहि या सर्व जातींत चालतो. एकदां हात बसला म्हणजे यंत्र बदललें तरी हात बदलावा लागत नाहीं.

घेण्यापूर्वीं परीक्षा कशी करावी? आमची परीक्षा एका शब्दाची आहे, आणि तो शब्द आपलाच आहे: 'शेतकऱ्यांचा'. यांतील 'ऱ्य' हें जोडाक्षर मराठीचें खास आहे. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट दाबून 'र' ची कळ दाबावी, मग हलन्त, मग 'य'. म्हणजे तें उमटतें. त्यापुढें 'ॲप' हा शब्द व रुपयाचें चिन्ह टंकून पाहावें. 'ॲ' हें अक्षर युनिकोडांत सन २००८ मध्यें आलें आणि रुपयाचें चिन्ह सन २०१० मध्यें. फार जुन्या प्रणालींत त्यांच्या जागीं रिकामे चौकोन दिसतात. मग तो कागद छापून घ्यावा, आणि तोच मजकूर आपल्या मोबाईलवर पाठवून तेथेंहि उघडून पाहावा. दोन्हीकडे शब्द नीट दिसला तर पुढील बोलणें करावें.

आपल्या दोन जिल्ह्यांत गोंडी बोलणारा समाज मोठा आहे. मसराम गोंडी लिपि सन २०१७ त व गुंजाळा गोंडी लिपि सन २०१८ त युनिकोडांत आली. ज्या ग्रामसभांस आपले कागद या लिपींत ठेवावयाचे असतील त्यांनीं नवी प्रणाली घ्यावी व त्या लिपीचा फॉन्ट दुकानांतच बसवून घ्यावा.

कोणीं काय घ्यावें?

आमचें मत थोडक्यांत असें आहे. सोसायटीच्या कचेरीस विंडोज ११ चा डेस्कटॉप, यूपीएससह, हाच सोयीचा. कारण हिशेबाच्या प्रणाली, ठशाचीं यंत्रें व दुरुस्ती करणारा हीं तिन्ही जवळ मिळतात. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यांत गांवोगांव हिंडून अर्ज भरून घेणाऱ्या कार्यकर्त्यास विंडोजचा हलका लॅपटॉप बरा. घरीं जुना पण धड संगणक पडून असेल, तर तो भंगारांत देण्यापूर्वीं एसएसडी व लिनक्स घालून मुलांच्या अभ्यासास लावावा. ज्या शाळेंत किंवा घरांत इंटरनेट भरंवशाचें आहे तेथें क्रोमबुक चालेल. ज्याचा मुलगा वा मुलगी चित्रांचा, छपाईचा वा चित्रफितींचा धंदा करणार असेल, त्यानें मॅकचा विचार करावा; केवळ ऐटीसाठीं कर्ज काढून तो घेऊं नये. कोणत्याहि जातींत नवा घेतांना रॅम ८ जीबीहून व एसएसडी २५६ जीबीहून कमी नसावी. पावतीवर यंत्राचा क्रमांक, प्रणाली अस्सल असल्याची नोंद व हमीची मुदत लिहून घ्यावी. तोंडी हमी पहिल्या पावसांत वाहून जाते.

हें सर्व सांगून झाल्यावर जें मुख्य, तें उरतेंच. वरील चारहि जातींचीं यंत्रें एक ना एक दिवस बंद पडणारच. बैल मरतो, पण शेत राहतें. तसें यंत्र जातें, नोंद राहिली पाहिजे. आमच्या कचेरींत आतां असा नियम आहे कीं, दर शनिवारीं नोंदींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर निघते, ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटांत जाते. दुसरी प्रत इंटरनेटवरच्या सांठ्यांत जाते. आणि महिनाअखेरीस बाक्यांची यादी छापून तीवर सचिव व अध्यक्ष सही करितात. तीन महिन्यांतून एकदां ती प्रत दुसऱ्या जातीच्या यंत्रावर उघडून पाहिली जाते, कारण न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे, हें आम्ही महाग किंमत देऊन शिकलों आहों.

आमचें गांव कागदाच्या गिरणीनें ओळखलें जातें. संगणक आला म्हणजे कागद गेला, असें येथें पुष्कळजण म्हणतात. परंतु त्या मे महिन्यांत आमच्या सभासदांच्या बाक्या सांभाळल्या त्या गटसचिवांच्या हातच्या कागदी खतावणीनेंच. म्हणून आमच्या शेतकरी बंधूंस विनंती आहे कीं, संगणक अवश्य घ्या, बैल पाहतां तसा पारखून घ्या. पण येत्या मृगापूर्वीं आपल्या सोसायटीच्या कचेरींत जाऊन सचिवांस एवढें विचारा कीं, आमची बाकी या यंत्राखेरीज आणखी कोठें लिहिलेली आहे? या प्रश्नाचें उत्तर जेथें तत्काळ मिळेल, तेथें यंत्र कोणत्याहि जातीचें असलें तरी चिंतेचें कारण नाहीं.